ऑइलचा लाल दिवा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुन्या पिकअपच्या डॅशबोर्डवर पाचसहा दिवे असतात. डिझेलचा दिवा लागला तर पुढच्या पंपापर्यंत वेळ असतो. हँडब्रेकचा दिवा कित्येक गाड्यांत वर्षानुवर्षं लागलेलाच असतो आणि त्याकडे कुणी बघतही नाही. पण तेलाच्या बुधलीचं चित्र असलेला एक लाल दिवा आहे, टोकाशी एक थेंब काढलेला. तो चालू इंजिनवर लागला तर गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. पुढच्या वळणावर नाही, टपरी आल्यावर नाही, लगेच. एवढं एकच वाक्य कुणी लक्षात ठेवलं तरी माझं आजचं बोलणं वाया गेलं नाही असं मी समजेन.

अशा गाड्या कुणाच्या असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरायचे आणि माळशेज घाट उतरून रात्रीतून कल्याण किंवा वाशी गाठायचं. दहा-पंधरा वर्षांची गाडी, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हाताची. घराचा सगळा रोख पैसा तिच्या चाकांवर येतो. त्यामुळे हा दिवा लागला की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एकतर ‘वायरिंगचं काहीतरी असेल’ असं म्हणून दिव्याची वायर काढून टाकतो. नाहीतर पहिल्या भेटलेल्या गॅरेजवाल्याने ‘इंजिन खोलावं लागेल’ म्हटलं की मान हलवतो. पहिल्यात क्रँक जातो, दुसऱ्यात हजारो रुपये जातात. खरं कारण काही शे रुपयांच्या स्विचपासून संपूर्ण इंजिनापर्यंत काहीही असू शकतं. ते कुठलं, हे इंजिनाला पाना न लावताच बरंचसं कळतं.

आधी ऑइल प्रेशर म्हणजे काय ते पाहू, कारण इथेच मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं, पंप प्रेशर तयार करतो. पंप फक्त ऑइल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते पुढच्या अडथळ्यामुळे. ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही. मोटर तीच, पाणी तेवढंच, पण उंदराने चार ठिकाणी नळी कुरतडली की फिल्टरजवळच्या गेजचा काटा खाली येतो. मोटर बिघडलेली नसते, पाणी वाटेत सांडत असतं. इंजिनातही तसंच. खालच्या ऑइल चेंबरमधून पंप जाळीतून ऑइल ओढतो, फिल्टरमधून गाळून मेन बेअरिंग, कनेक्टिंग रॉडची बेअरिंग, कॅमचे बुश आणि वरच्या रॉकरपर्यंत पोचवतो. टर्बो असेल तर त्यालाही. या प्रत्येक ठिकाणच्या बारीक फटीतून ऑइल बाहेर पडून पुन्हा चेंबरमध्ये येतं. फटी जितक्या अरुंद, तितकं प्रेशर टिकतं.

फटी किती अरुंद? क्रँक आणि त्याच्या बेअरिंगमध्ये नव्या इंजिनात साधारण ०.०५ मिलिमीटर जागा असते. तुमच्या हातातल्या वर्तमानपत्राच्या कागदाची जाडी याहून जास्त भरेल. झिजून ही फट दुप्पट झाली की सांडणारं ऑइल दुप्पट होत नाही. प्रवाह फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो आठपट होतो. म्हणूनच वर्षानुवर्षं ठणठणीत वाटणारं इंजिन शेवटच्या काही महिन्यांत एकदम ढासळल्यासारखं वाटतं.

दुसरी गोष्ट उष्णतेची. आपल्याकडे डिझेल गाड्यांत सर्रास वापरलं जाणारं १५-डब्ल्यू-४० ऑइल घ्या. ४० अंश तापमानाला ते जितकं घट्ट असतं त्याच्या सुमारे एकसप्तमांश घट्टपणा १०० अंशाला उरतो. त्यामुळे सकाळी थंड इंजिनवर पाहिलेलं प्रेशर खुशीचं असतं, खरं प्रेशर घाट चढून आल्यावर दिसतं. गॅरेजवाल्याने थंड इंजिनवर गेज लावून ‘सगळं ओके’ म्हटलं तर त्याचे आभार माना आणि एक फेरी मारून परत या.

इथे थोडं आडवळण घेतो. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचे एक इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. त्यांनी बेअरिंगला वरून ऑइल घालण्यासाठी भोक पाडलं. आस फिरायला लागला तर ऑइल आत जाण्याऐवजी त्याच भोकातून वर यायला लागलं. त्यांनी बूच ठोकलं, तर बूचही बाहेर ढकललं गेलं. मग त्यांनी तिथे गेज लावला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड होता आणि गेज २०० च्या वर गेला. म्हणजे फिरणारा आस स्वतःच ऑइलला पाचरीसारखं खाली ओढून घेत होता आणि त्या पाचरीवर तरंगत होता. पुढे १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. तुमच्या पिकअपचा क्रँकही असाच तरंगतो. पंपाचं प्रेशर त्याला उचलून धरत नाही, ते फक्त पाचरीला ऑइल कमी पडू देत नाही आणि तिथली उष्णता वाहून नेतं. पुरवठा तुटला की पाचर मोडते आणि धातू धातूवर घासतो. दोन हजारच्या फेऱ्यांवर साठ मिलिमीटर जाडीच्या क्रँकचा पृष्ठभाग सेकंदाला सहा मीटरहून जास्त वेगाने फिरत असतो. इतक्या वेगाने कोरडं घासल्यावर काय होणार? आधी आवाज, मग इंजिन बसतं, आणि घाटात भरल्या गाडीचं इंजिन बसलं तर खर्चाचा विचार नंतरचा असतो.

आता दिव्याकडे येऊ. दिव्याला प्रेशर मोजता येत नाही. इंजिनाच्या ब्लॉकवर एक छोटा स्विच असतो. प्रेशर साधारण ०.३ ते ०.६ किलोच्या खाली गेलं की तो जोडला जातो आणि दिवा लागतो. ‘किलो’ म्हणजे आपल्या गेजवर असतं ते, चौरस सेंटिमीटरला किलो. चांगल्या इंजिनात गरम झाल्यावर आयडलिंगला एक किलोच्या आसपास किंवा वर आणि दोन हजार फेऱ्यांना त्याच्या दुप्पट-तिप्पट प्रेशर मिळायला हवं. जुन्या मिस्त्र्यांचा ठोकताळा दर हजार फेऱ्यांना दहा पौंड, म्हणजे ०.७ किलो, असा आहे. तो किमान समजावा, आणि कंपनीच्या पुस्तकात आकडा दिला असेल तर तोच खरा. यातून दोन गोष्टी निघतात. दिवा लागला म्हणजे पाणी गळ्याशी आलेलं असतं. आणि दिवा विझलेला आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं मुळीच नाही.

तर गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. सपाट जागी पाच-दहा मिनिटं थांबून डीपस्टिक पुसून पुन्हा बुडवून बघा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. एक चालक सांगत होता, दिवा फक्त चढावर आणि जोरात ब्रेक मारल्यावर चमकतो, सपाटीला काही नाही. त्याला कुणीतरी नवा पंप टाकायला सांगितलं होतं. डीपस्टिक काढली तर टोकालाही ऑइल लागलं नाही. चेंबरमध्ये उरलेलं ऑइल चढावर एका बाजूला सरकत होतं, जाळी उघडी पडत होती आणि पंप हवा ओढत होता. दोन-अडीच लिटर ऑइल घातलं, दिवा गेला. मात्र ते ऑइल कुठे गेलं हे शोधणं बाकी राहतंच.

कुठे जातं ते शोधताना एका जागेकडे हमखास दुर्लक्ष होतं. जुन्या डिझेल पिकअपमध्ये अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असतो, ब्रेकच्या बूस्टरसाठी. त्याला इंजिनातूनच ऑइलची बारीक नळी जाते आणि दुसरी जाड नळी ते परत आणते. रबर कडक होऊन ही बारीक नळी फुटली तर चालू इंजिन आपलं ऑइल स्वतःच्याच प्रेशरने रस्त्यावर ओतून देतं. काही मिनिटांत चेंबर रिकामं. ऑइल बदलताना या नळीवरून एकदा बोट फिरवा. भेगा लागल्या तर त्याच दिवशी बदला. तिची किंमत चहा-वडापावाच्या हिशेबातली आहे.

ऑइल कमी असणं वाईट, पण न घालता वाढलेलं ऑइल त्याहून वाईट. एक गाडीमालक मोठ्या कौतुकाने सांगायचे, ‘माझी गाडी ऑइल खातच नाही, उलट खुणेच्या वरच राहतं.’ डीपस्टिकला डिझेलचा वास येत होता. फ्युएल इंजेक्शन पंपाचं सील गळून डिझेल आत चेंबरमध्ये उतरत होतं. ऑइलची पातळी वाढत होती आणि घट्टपणा मरत होता. टिपकागदावर एक थेंब टाकला तर काळ्या ठिपक्याभोवती तेलकट, पारदर्शक कडं पसरत गेलं. त्यांना दिवा लागला तोपर्यंत बेअरिंगचा वरचा थर उडून खालचा तांब्याचा रंग दिसत होता. सील वेळेवर बदललं असतं तर क्रँक वाचला असता. त्या हंगामात त्यांची गाडी तीन आठवडे उभी राहिली आणि माल दुसऱ्याच्या गाडीत भाड्याने गेला.

ऑइल दुधाळ, दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. तिथे गाडी सुरूच करू नका, टोचन लावून न्या. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीच्या फक्त झाकणाखाली थोडा फेस दिसला तर घाबरू नका, ती आतली वाफ असते. डीपस्टिकवर काय दिसतं ते महत्त्वाचं.

पातळी बरोबर, वास बरोबर, तरी दिवा आहे? मग वायर. स्विचवरची एकच वायर काढा आणि किल्ली नुसती ऑन करा. दिवा विझला तर वायर चांगली आहे. तरीही लागलेला राहिला तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकली आहे, इंजिनाचा काही दोष नाही. वायर काढताना सॉकेटमध्ये ऑइल दिसलं तर स्विचच आतून फुटला आहे.

यानंतर मात्र अंदाज बंद. स्विच काढून त्या जागी साधा मेकॅनिकल गेज लावायचा, ज्यात वीज नाही. आत वाकवलेली पितळी नळी असते, प्रेशरने ती सरळ व्हायला बघते आणि काटा फिरतो. युजीन बूर्दों या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती आजही ठिबकच्या फिल्टरपासून कॉम्प्रेसरपर्यंत सगळीकडे आहे. हा गेज ज्या गॅरेजमध्ये नाही तिथे ‘ऑइल प्रेशर कमी आहे’ हे वाक्य ऐकून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एका मुलाच्या गाडीचा दिवा गरम आयडलिंगला लुकलुकत होता. इंजिनकामाचा अंदाज त्याच्या हातात दिला गेला होता, वडिलांनी सोनं मोडायची तयारी केली होती. गेज लावला, गाडी तासभर फिरवली, गरम आयडलिंगला दीड किलोच्या वर काटा. स्विच बदलला, झालं.

गेजचा आकडा महत्त्वाचा, पण काटा कसा वागतो ते जास्त बोलकं असतं. थंडीत चांगलं, गरम झाल्यावर आयडलिंगला खाली, पण रेस दिली की बऱ्यापैकी वर चढतं: हे झिजलेल्या बेअरिंगचं किंवा पातळ झालेल्या ऑइलचं लक्षण. थंड असो वा गरम, रेस दिली तरी काटा एका ठिकाणी अडून बसतो: तिथे रिलीफ व्हॉल्व्हवर संशय घ्यावा. प्रेशर जादा झालं तर ऑइल परत चेंबरकडे सोडणारा हा पिस्टन आणि स्प्रिंग असतो. त्यात कचरा अडकला की दार अर्धवट उघडंच राहतं. तो काढून साफ करणं बऱ्याच इंजिनांत तासा-दोन तासांचं काम आहे, आणि याच्याच पायी इंजिनं उतरवली गेलेली आहेत. तिसरा प्रकार उलटा. आयडलिंगला ठीक, रेस दिली की काटा थरथरतो किंवा खाली पडतो. पंपाला हवं तेवढं ऑइल मिळत नाही, जाळी तुंबली आहे. ऑइल वेळेवर न बदलल्याने बसलेला गाळ तर तिथे असतोच, पण मागच्या कारागिराने चेंबरला सढळ हाताने लावलेल्या सिलिकॉनचे तुकडेही सापडतात. सुरू केल्यावर दिवा विझायलाच पाचसहा सेकंद लागत असतील आणि पुढे सगळं ठीक असेल, तर आधी फिल्टर बघा. चांगल्या फिल्टरमध्ये रात्री ऑइल मागे उतरू नये म्हणून एक रबरी पडदा असतो, नकली फिल्टरमध्ये तो नीट नसतो.

पुढे इंजिन खोलायचं की नाही, हा खरा प्रश्न. मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेलं वाक्य असं आहे: ‘एवढा सीझन निघेल का?’ त्याला नुसत्या गेजवरून उत्तर देता येत नाही. ऑइल काढा, जुना फिल्टर हॅकसॉने न कापता टीनच्या कात्रीने उघडा, कारण करवतीचा कीस आत पडून फसवतो. आतला कागद पसरून उन्हात धरा. स्वच्छ काळं ऑइल असेल, चमक नसेल, गरम आयडलिंगला अर्धा-पाऊण किलो असेल, दोन हजारला दोनच्या वर जात असेल आणि खालून ठोका येत नसेल, तर मी मालकाला म्हणतो, हंगाम काढा. भार मर्यादेत ठेवा, ऑइल निम्म्या अंतरात बदला, गेज गाडीतच लावून ठेवा आणि प्रत्येक बदलाला फिल्टर उघडून बघा. पण कागदावर चंदेरी किंवा तांबूस चकाकी दिसली, लोहचुंबकाला ती चिकटत नसली, तर ते बेअरिंगचं अंग आहे. मग एक फेरीसुद्धा नाही. आत्ता बेअरिंग आणि फार तर क्रँकचं ग्राइंडिंग यात निभावेल. चालवत राहिलात तर क्रँक, रॉड, कदाचित ब्लॉकही.

जाड ऑइल घालायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. २०-डब्ल्यू-५० घातल्याने गरम प्रेशर थोडं वाढतं हे खरं आहे, आणि उन्हाळ्यात थकलेल्या इंजिनाला काही महिने तसं चालवणं मी गैर मानत नाही, मालकाला आपण काय करतोय हे माहीत असेल तर. ऑइल जाड झालं म्हणून फट कमी होत नाही. बाजारातल्या ‘ट्रीटमेंट’च्या बाटल्यांचंही तेच. आणि इंजिनात गिअर ऑइल ओतण्याचा उद्योग फक्त गाडी विकायच्या दिवशी होतो.

म्हणून जुनी पिकअप घेताना दोन मिनिटं काढा. मालकाला आधीच सांगून ठेवा, गाडी थंड हवी. किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका. ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर बल्ब काढलेला आहे किंवा वायर. काही हुशार लोक ती वायर चार्जिंगच्या दिव्याला जोडतात, म्हणजे किल्लीवर दोन्ही दिवे लागतात आणि सुरू झाल्यावर दोन्ही विझतात. ते ओळखायचं तर इंजिन बंद असताना, किल्ली ऑन ठेवून ब्लॉकवरच्या स्विचची वायर काढा. फक्त ऑइलचा दिवा विझला पाहिजे. मग गाडी अर्धा तास भार टाकून फिरवा आणि गरम आयडलिंगला परत दिवा बघा. बीएस-६ आल्यानंतरच्या, म्हणजे २०२० पासूनच्या गाड्यांत संगणक बरंच काही नोंदवून ठेवतो. तिथे स्कॅनर लावून मागच्या तक्रारी वाचाव्यात.

इंजिन खोलावंच लागलं तर मिस्त्रीला दोन गोष्टी आवर्जून सांगा. मेन आणि कनेक्टिंगची बेअरिंग नवी घातली तरी कॅमचे बुश मोजून घ्यायला लावा. तिथली फट मोठी राहिली तर सगळा खर्च करून प्रेशर पुन्हा कमीच येतं आणि मग बिचाऱ्या पंपाला दोष दिला जातो. पंपही फिलर गेजने मोजायचा असतो, हाताने फिरवून ‘चांगला आहे’ म्हणायचं नसतं. आणि क्रँक ग्राइंड झाला असेल तर त्यातली ऑइलची भोकं तारेने आणि हवेने साफ झाली का, हे स्वतः उभं राहून बघा. ग्राइंडिंगची पूड त्या भोकांत बसून राहते आणि पहिल्याच तासात नवी बेअरिंग खाते.

इंजिन जोडून झालं की सगळ्यांना ते लगेच सुरू झालेलं ऐकायचं असतं. थोडं थांबायला सांगा. नवा फिल्टर ऑइलने भरून बसवा, स्टॉपची तार ओढून धरा म्हणजे डिझेल जाणार नाही, आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये सेल्फला विश्रांती द्या. गेजचा काटा हलला, दिवा विझला की मगच तार सोडा.